मावशीचं पातेलं, तुझा व्हर्नियर

पत्र थोडक्यात (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत):

पत्र लिहिणारी तीस वर्षांची आहे. सिंधुदुर्गातल्या एका खाडीकाठी आजोळी वाढली. वडील लवकर गेले. आई आणि मावशी खाडीतून तिसऱ्या (खायच्या शिंपल्या) काढून बाजारात वाटे लावायच्या, त्यावर हिचं शिक्षण झालं. पुढे मत्स्यशास्त्रात पीएचडी केली आणि गेली दोन वर्षं एका संशोधन संस्थेच्या प्रकल्पात ती कंत्राटी संशोधक आहे. योगायोग असा की काम त्याच खाडीत. तिथल्या तिसऱ्या टिकून राहाव्यात म्हणून किती आणि केव्हा काढाव्यात, हे शोधायचं. पहिलं वर्ष ती मावशीकडे राहिली, बायकांबरोबर सुकतीला, म्हणजे ओहोटीला, खाडीत उतरली. दुसऱ्या वर्षी तालुक्याला खोली घेतली, संस्थेची गाडी मिळाली, आणि "दुपारची सुकती असेल ते दिवस बघून" जाऊन नमुने आणू लागली. व्हर्नियरने (बारीक लांबी मोजायच्या पट्टीने) केलेल्या दोन वर्षांच्या मोजणीत तिसरीची सरासरी लांबी घटलेली दिसते. मावशीही म्हणायची की पूर्वीसारखा माल राहिला नाही. वरिष्ठांना अहवालात तीन महिने काढणी बंद ठेवण्याची शिफारस हवी आहे. ही बातमी गावात पोचली, मावशीला ती बाजारात कळली, आणि तिने बोलणंच टाकलं. शेवटचं वाक्य: "आमच्या पोटार पाय देऊक शिकलंस काय गो?" मार्चअखेर कंत्राट संपतंय. आंध्रात भीमावरमच्या बाजूला कोळंबीचं खाद्य बनवणाऱ्या कंपनीत जवळपास दुप्पट पगाराची नोकरी चालून आली आहे. तिचे प्रश्न असे: अहवालावर सही करू का? शेवटच्या पाच महिन्यांचे आकडे गाळले तर घट दिसतच नाही, मग गाळले तर कुणाचं काय जातंय? की सगळं सोडून आंध्रात जाऊ?

*

एकेरी लिहितेय, चालवून घे. माझी भाची तुझ्याच वयाची आहे.

तुझं पत्र दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा, नाव-गाव वगळून, एका मैत्रिणीला वाचून दाखवलं. तिचा सगळा जन्म मत्स्यसंशोधनात गेला, आता निवृत्त आहे. त्यामुळे पुढे जे शास्त्राचं येईल ते तिचं आणि आगाऊपणा माझा.

आधी ते पाच महिने. नाही, गाळायचे नाहीत. यावर मी घोळ घालणार नाही. पण तू "कुणाचं काय जातंय" असं विचारलंस, आणि तो प्रश्न तू स्वतःलाच वाटतो तितका उर्मट नाही, म्हणून नीट उत्तर देते.

तुझ्या गावच्या तिसऱ्या काढणाऱ्या बाया आज कुठल्या सरकारी कागदावर आहेत? नौकेला नंबर असतो, परवाना असतो. मासळीची आकडेवारी मुख्यतः बंदरात उतरणाऱ्या मालावरून जमवतात. कमरेएवढ्या पाण्यात उकिडवी बसून, पायाच्या बोटांनी चिखल चाचपत, कमरेला बांधलेल्या पातेल्यात तिसऱ्या टाकणारी बाई त्या हिशेबात सहसा येत नाही, आणि तिचा मालही येत नाही. उद्या खाडीवर पूल आला, जेटी आली, वरच्या अंगाला वाळूचे सक्शन पंप लागले, तर इथे काय पिकत होतं आणि कोण काढत होतं याला पुरावा काय? तुझी वही. जमिनीला सातबारा असतो, या खाडीला तुझ्या त्या दोन वर्षांच्या नोंदी आहेत. त्यात पाच महिन्यांचं भोक पाडलंस, तर नुकसानभरपाईच्या वेळी समोरचा वकील पहिलं बोट त्याच भोकात घालणार. जाणार कुणाचं, तर मावशीचं.

गाळणं वेगळं आणि खूण करणं वेगळं. खूण मात्र करायला हवी, असं मला तुझ्याच पत्रातल्या एका वाक्यावरून वाटतं. तू ते ओघात लिहून पुढे गेलीस: दुपारची सुकती असेल ते दिवस बघून.

माझी आजी घड्याळ न बघता भरती सांगायची. तिथीची पाऊणपट. अष्टमी असली तर आठाची पाऊणपट सहा. सहाला भरती, म्हणजे सुकती बाराच्या सुमाराला. पुनव-अवसेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे सुकती पहाटे पाच-साडेपाचला आणि मग पुन्हा संध्याकाळी. तुझ्या गाडीवाल्याला सोयीची दुपारची सुकती म्हणजे अष्टमीच्या आगेमागेची, अर्थात भांगाची. भांगात पाणी ना धड चढत, ना धड उतरत. खाडीचा खालचा पट्टा तेव्हा उघडा पडतच नाही. बाया तिथे जातात त्या उधाणाच्या दिवसांत, पहाटेच्या काळोखात. पहिल्या वर्षी तूही त्यांच्याबरोबर तिथेच होतीस.

हे वाचून दाखवलं तेव्हा मैत्रीण चष्मा काढून हसली. म्हणाली, वरच्या पट्ट्यातली शिंपली पाण्याखाली कमी तास असते. ती पाणी गाळून खाते, पाणी नसेल तेव्हा उपाशी. म्हणून वरची शिंपली सावकाश वाढते, खालची झपाट्याने. पहिल्या वर्षी तू खालचा माल मोजलास आणि दुसऱ्या वर्षी बराचसा वरचा. तुझ्या आलेखातली उतरण थोडीफार तरी तिसऱ्यांची नसून गाडीच्या वेळापत्रकाची असण्याचा संभव आहे.

घट खोटी आहे असं मी म्हणत नाही. मावशीही माल कमी झाल्याचं सांगत होती, आणि ती दुपारच्या गाडीने जात नाही. म्हणणं एवढंच की अजून कळलेलं नाही, आणि तू मात्र कळलं असं धरून एका बाजूला मावशी आणि दुसऱ्या बाजूला शास्त्र अशी फाळणी करून बसली आहेस. वहीतल्या प्रत्येक नोंदीसमोर तिथी लिही, वेळ लिही, वरचा पट्टा की खालचा ते लिही. मग उधाण उधाणाशी ताडून बघ, भांग भांगाशी. एका संध्याकाळचं काम आहे. पाच महिने गाळण्यापेक्षा हे प्रामाणिक, आणि कदाचित तुला हवं असलेलं उत्तरही यातून मिळेल. कदाचित मिळणारही नाही, त्याची तयारी ठेव.

सरासरीबद्दलही एक. शिंपलीची पिल्लं आधी दोन-तीन आठवडे पाण्यात तरंगतात आणि मग तळाला बसतात. एखाद्या वर्षी भरघोस बसतात, एखाद्या वर्षी पावसाचं गोडं पाणी खाडीत इतकं उतरतं की पिल्लंच काय, मोठ्याही मरतात. शाळेत एका वर्षी पहिलीला पन्नास मुलं आली तर शाळेचं सरासरी वय खाली येतं, म्हणून दहावीची मुलं पळून गेली असं कुणी म्हणत नाही. तेव्हा एका चौकटीत, म्हणजे ठरावीक मापाच्या तुकड्यात, मोठ्या किती आणि लहान किती, हे वेगवेगळं मांड. मोठ्यांची संख्या घटली असेल तर चिंतेचं आहे. लहानांची वाढल्यामुळे सरासरी उतरली असेल तर ती चांगली बातमी आहे आणि तू ती वाईट म्हणून छापणार आहेस.

आता तीन महिन्यांच्या बंदीकडे येऊ. तुझ्या साहेबांच्या डोक्यात बहुधा अष्टमुडी आहे. तुला हे ठाऊक असणार, पण इतर वाचकांसाठी सांगते. केरळात कोल्लमजवळ अष्टमुडी सरोवर आहे. तिथल्या तिसरीच्या मासेमारीला 2014 साली मरीन स्टुअर्डशिप कौन्सिलचं (साठा टिकवून केलेल्या मासेमारीला मान्यता देणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेचं) प्रमाणपत्र मिळालं, भारतातलं असं पहिलंच. 1990 च्या दशकात तिथला माल घसरला, तेव्हा केंद्रीय सागरी मत्स्यिकी संशोधन संस्थेच्या अभ्यासावरून नियम आले. डिसेंबर ते फेब्रुवारी काढणी बंद, जाळीच्या आसाला (भोकाला) किमान माप, फार बारीक माल निर्यात करायचा नाही. गोष्ट खरी आहे आणि अभिमानाचीही. पण ती उचलून तुझ्या खाडीत आणून ठेवता येत नाही. तिथे होड्या आहेत, लांब दांड्याची जाळी आहे, आणि पलीकडे निर्यातदार बसलाय जो बारीक माल परत पाठवू शकतो. तुझ्या मावशीचा निर्यातदार म्हणजे सकाळी पिशवी घेऊन येणारी मास्तरीणबाई, आणि तिची जाळी म्हणजे स्वतःची बोटं. तिथले बंद महिने तिथल्या तिसरीच्या अंडी सोडण्याच्या हंगामावरून बेतलेले आहेत. तुझ्या खाडीतली तिसरी तीच आहे का, तिचा हंगाम तोच आहे का, हे तुझ्या पत्रात कुठेच नाही. रत्नागिरीजवळ काळबादेवीच्या खाडीत 1970 च्या दशकात शिंपल्यांच्या वाढीवर बारकाईने काम झालंय. तारखा केरळातून उसन्या आणण्याआधी ते निबंध काढून बघ.

आणि दुसरं. मोठ्या तिसऱ्या कमी झाल्या, हे तुझ्या व्हर्नियरने कळू शकतं. तीन महिने बंद ठेवा, हे कुठल्याही व्हर्नियरवर उमटत नाही. ते कुणीतरी ठरवतं, आणि ठरवताना कुणाच्या घरची चूल किती दिवस थंड राहील हेही त्यात येतं. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते. ज्या घरचा पुरुष नौकेवर जातो तिथे त्या दिवसांत रोख पैसा आटलेला असतो. बाईच्या बंद महिन्यांची गाठ त्याला लागूनच पडली तर? हा हिशेब अहवालात कुणी केलाय? माझ्या मते (आणि हे मत माझं, मैत्रिणीचं नव्हे) अहवालात निष्कर्षांचं प्रकरण वेगळं असावं आणि पर्यायांचं वेगळं. पर्याय एकच नसतो. ठरावीक मापाखालची तिसरी परत टाकायची. पट्टे पाडून आळीपाळीने काढायचं. एक कोपरा कायमचा राखून ठेवायचा. काही महिने बंद ठेवायचं. बाहेरून गोणी घेऊन येणाऱ्यांना अटकाव करायचा, कारण गावच्या पातेल्यांची मोजणी करून बाहेरच्या गोण्या सोडून दिल्या तर तो अभ्यास कसला? आणि पाण्यात वरून काय सोडलं जातंय, वाळू कुठून उपसली जातेय, हेही. सगळा भार सर्वांत गरीब काढणारीच्या अंगावर टाकणारा पर्याय पहिल्यांदा सुचतो, कारण ती कोर्टात जात नाही.

राखलेल्या कोपऱ्यासाठी देवराईचं उदाहरण देऊ नकोस, एक विनंती. आमच्याकडे सगळे देतात. देवराई राखायला देव होता, कोप होता, गावकी होती. खाडीतला कोपरा राखायला रोज पहाटे तिथे असणाऱ्या दोन बाया लागतील, आणि त्या कोण हे नावानिशी ठरायला हवं.

साहेबांना कसं सांगायचं? तोंडी वाद घालू नकोस. एक साधी मेल लिही: पहिल्या आणि दुसऱ्या वर्षीच्या नमुन्यांच्या वेळा वेगळ्या होत्या, म्हणून एक अवस आणि एक पुनव अशी दोन उधाणं पुन्हा मोजायची परवानगी हवी, आणि शिफारशी गावातल्या बैठकीनंतर जोडाव्यात. मार्चअखेरच्या आत दोन उधाणं सहज बसतात. परवानगी मिळाली तर उत्तम. नाही मिळाली तर अहवालात मर्यादांचं एक पान असतं, जे कुणी वाचत नाही म्हणून कुणी अडवतही नाही. ते पान तुझ्या हातचं असू दे, आकड्यांसकट. त्यात आणखी एक ओळ घाल: संशोधिकेची जवळची नातेवाईक याच खाडीत काढणी करते. हे लपवल्याने तू तटस्थ ठरत नाहीस, नुसती अडचणीत येतेस. ते पान आत असेल तर अहवालावर सही कर. ते काढून टाकायला सांगितलं तर नको. सही न केल्याने कंत्राट वाढणार नाही, हे खरं. ते असंही वाढेलसं दिसत नाही.

मावशीचं आता. मला मघापासून तिथेच यायचंय.

मावशी बंदीवर चिडली आहे असं तू गृहीत धरलंस. मला तसं वाटत नाही. तिला ते बाजारात कळलं. वाटे लावून बसलेली असताना शेजारच्या बाईने सांगितलं असेल, तुझी भाची आमची खाडी बंद करणार म्हणे. चार जणींत. तुझी फी ज्या वाट्यांच्या पैशातून भरली, त्याच वाट्यांपुढे बसलेली असताना. मग जे वाक्य आलं ते बंदीबद्दल होतं की त्या चार जणींबद्दल? दोन वर्षं तू तिच्या खाडीत वाकून मोजतेस आणि काय निघालं हे तिला एकदाही सांगितलं नाहीस. पत्रात तसं कुठे दिसलं नाही, चुकत असेन तर माफ कर. तिच्याकडून माहिती नेलीस, आकडे नेलेस, आणि उत्तर मात्र तालुक्याहून साहेबांकडे गेलं.

तिच्याकडे एक गोष्ट आहे जी तुझ्याकडे नाही. आठव, आई विळीवर तिसऱ्या करायची ते. रात्रभर पाण्यात ठेवलेली तिसरी, वाळू ओकलेली. ती पात्यावर धरायची, दोन शिंपा उघडायच्या, सगळं मांस एका शिंपेत सारायचं, दुसरी टाकून द्यायची. एकशिपी. दोन पातेल्यांच्या एकशिपीत कधी कढई भरते आणि कधी नुसता शिंपांचा खडखडाट होतो. बायका म्हणतात, या महिन्यात भरलेल्या आहेत, या महिन्यात फोल. तुझ्या भाषेत तो मांस आणि कवच यांच्या वजनाचा निर्देशांक. तिसरी भरत जाते ती अंडी धरताना, आणि एकदम फोल होते ती अंडी सोडल्यावर. म्हणजे या खाडीतल्या तिसरीचा प्रजननाचा हंगाम, ज्यासाठी तुझे साहेब केरळाचं कॅलेंडर उघडून बसलेत, तो तीस-चाळीस वर्षांच्या एकशिपीतून मावशीला पाठ आहे. तिला विचार. मग दर महिन्याला वीस तिसऱ्या घेऊन मांस वेगळं, कवच वेगळं तोल. तिचं बरोबर निघतं का बघ. चुकलंही असेल. बायका सांगतात ते सगळं वेदवाक्य, असंही मानू नकोस. तोही एक प्रकारचा तुच्छपणाच.

बैठक घ्यायची तर थेट ग्रामसभेत घेऊ नकोस. तिथे बाया मागे बसतात आणि बोलतात ते नौकावाले. आधी ज्या काढतात त्यांच्याशी, त्या माल धुतात तिथे. आलेख नको. दोन घमेली ने: एकात पहिल्या वर्षी मिळायच्या त्या मापाच्या शिंपा, दुसऱ्यात आत्ताच्या, दोन्ही एकाच पट्ट्यातल्या आणि एकाच तिथीच्या. आणि विचार, हे असं का झालं असेल? मग गप्प बस. गप्प बसणं शास्त्रज्ञांना जड जातं, असं मैत्रिणीचं म्हणणं. बारीक तिसरी परत टाकायची असं त्यांनीच ठरवलं तर एक चाळण बनवून दे, ठरलेल्या मापाची, पाण्यातच हलवायची. बारीक तिसरी तिथल्या तिथे परत टाकली तर पुन्हा चिखलात शिरते आणि जगते. घरी नेऊन निवडली तर नाही. जे ठरेल ते आणि महिन्यांचं ज्ञानही गावच्या लोक जैवविविधता नोंदवहीत चढवून घे. 2002 च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी आणि ही वही तिने ठेवायची असते. बऱ्याच ठिकाणी ती कपाटात पडून असते. उघडायला लाव.

बायकांना पर्याय म्हणून शिणाण्यांच्या (शिंपल्यांच्याच दुसऱ्या एका जातीच्या) शेतीचं स्वप्न मात्र एवढ्यात दाखवू नकोस. केरळात कासरगोडजवळ पडन्ना भागात बायकांच्या गटांनी दोरांवर शिणाणे वाढवून दाखवले, आपल्या सिंधुदुर्गातही प्रयोग झाले. पाऊस सरल्यावर दोराला पिल्लं बांधायची आणि पुढच्या पावसाआधी काढायचे, एवढं गणित सुटसुटीत. पण पिल्लं कुठून आणायची आणि एका दिवशी निघालेले सगळे शिणाणे घ्यायला कोण येणार, ही दोन उत्तरं हातात नसताना बाईला खाडी सोडायला सांगू नये.

असं कोड्यात पडलेली तू एकटी नाहीस. आपल्याच वाडीत सर्वेक्षण करणारी आरोग्यसेविका, भावकीच्या जमिनीची मोजणी अंगावर आलेला भूमापक, ज्या गावात वाढला तिथेच वनखात्याचा पहारा करणारा मुलगा, यांची पत्रं मला येतात. सगळे एकच विचारतात, आतला होऊ की बाहेरचा. मी प्रत्येकाला विचारते, जे कळलंय ते त्यांना सर्वांत आधी तुमच्याच तोंडून कळलं का? बहुतेकांचं उत्तर तुझ्यासारखंच असतं.

भीमावरमचं थोडक्यात. जायला हरकत नाही. दुप्पट पगार हा काही गुन्हा नाही. तू आयुष्यभर गरीब राहून खाडी मोजावीस असं कुणी ठरवलेलं नाही, मी तर नाहीच. फक्त अहवाल अर्धा टाकून, मावशी रुसलेली असताना जाऊ नकोस. रुजू व्हायला एप्रिलअखेरची तारीख मागून बघ. दोन वर्षांच्या नोंदी संस्थेच्या आहेत, म्हणून त्यावर पुढे निबंध लिहिताना तुझं नाव राहील हे लेखी घे. कृषी शास्त्रज्ञ निवड मंडळाच्या (सरकारी संशोधन संस्थांत शास्त्रज्ञ नेमणाऱ्या) परीक्षेची तयारी तिथे राहूनही करता येते, वयोमर्यादा तेवढी तपासून ठेव. रत्नागिरीत शिरगावचं मत्स्य महाविद्यालय आहे, केंद्रीय सागरी मत्स्यिकी संस्थेचं केंद्र मुंबईत आहे, जागा निघतात. कोळंबीच्या खाद्याच्या कारखान्यात तू काही तिसऱ्या विसरणार नाहीस. आणि विसरलीस तरी वही आहे, ती दुसरी कुणी पुढे नेईल, पाच महिन्यांसकट.

येत्या अवसेला जा. सुकती पहाटेची, म्हणजे आदल्या रात्रीच मावशीकडे मुक्काम करायला हवा. दार उघडेल की नाही हा प्रश्न आहेच, पण रात्री आठनंतर आलेल्या मुलीला कोकणात कुणी ओट्यावरून परत पाठवत नाही. बोललीच नाही तर जेवून झोप. साडेचारला ती उठेल, पातेलं घेईल, तूही ऊठ. व्हर्नियर घरी ठेव असं सांगणार होते, पण नको, ने. खाली, तिच्या पट्ट्यात पोचलात की तिच्या हातात दे आणि कसा धरायचा ते दाखव. आकडे तू लिही. काळोखात तिला ते बारीक दिसायचे नाहीत, तेव्हा बॅटरीही घे.